बिनकामाची वाट

हौशी : काका, गावाभोवती धावायला मी तीन रस्ते काढलेत. एक कॅनॉलच्या कडेनं, एक जुन्या पाणंदीतून शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत आणि एक नदीकाठानं. वाई तालुका म्हटलं की लोकांना पसरणीचा घाट, पाचगणी, फार तर पांडवगड आणि वैराटगड आठवतात. या डोंगरांच्या मध्ये कृष्णेनं जी सपाट पट्टी घातलीय, तिच्याकडं कुणी बघत नाही. कॅनॉलचंच घ्या. धोम धरणाचं पाणी लांब न्यायचं तर कालवा जवळजवळ एका पातळीत खोदावा लागतो, किलोमीटरमागे वीत-दोन वीत उतार. डोंगराच्या पायथ्याला धरून वळत जाणारी सपाट वाट इंजिनिअरांनी आयती करून ठेवलीय. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली हळदीची वावरं, पायाखाली मुरूम. सिमेंटवर धावून गुडघे दुखवून घेतलेल्या माणसाला मुरूम म्हणजे काय ते विचारा. मला एवढंच करायचंय : तिन्ही रस्ते नकाशावर आखायचे, वळणांवर लहान फलक लावायचे आणि ग्रामसभेत ठराव करून घ्यायचा. गावाला खर्च नाही.

साशंक : खर्च नाही, मान्य. पण त्या कॅनॉलच्या रस्त्यानं पहाटे जाणारा माणूस आजवर कशाला गेलाय? कुणी दारं धरायला, कुणी धार काढायला, कुणी मोटर चालू झाली का ते बघायला. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की माणूस रात्रभर उसात गुडघाभर चिखलात उभा असतो आणि उजाडता उजाडता घराकडं निघतो. त्याच्यासमोरून तू रंगीत बूट घालून पळत जाणार. तू काही वाईट करत नाहीस, पोरी. पण गावातली वाट कामानं पडते आणि कामानंच टिकते. बिनकामाचा माणूस वाटेवर दिसला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'कुणाकडं आलाय?' आणि दुसरा, 'जमीन बघायला आलाय का?' हा दुसरा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या मनात आला नसता.

हौशी : म्हणजे गावात कुणी धावतच नाही? आपल्या फाट्यावर पहाटे पाच वाजता उभे राहा. भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. सैन्यात जायचं तर 1.6 किलोमीटर आणि साडेपाच मिनिटांच्या आसपासचं गणित. आणि महाराष्ट्रानं लांब पल्ल्याचे जे मोठे धावपटू दिले ते कुठून आले? ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. कविता राऊत नाशिककडच्या सावरपाड्याची. एकही पुण्या-मुंबईच्या सिंथेटिक ट्रॅकवर वाढलेला नाही. धावणं ही शहरानं गावावर लादलेली गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणूच शकत नाही.

साशंक : मी तसं म्हणतच नाही. तू दिलेली नावं माझ्याच बाजूची आहेत. साबळे लहानपणी का पळायचा? शाळा लांब होती आणि जायला गाडी नव्हती म्हणून. त्याला वाट निसर्गरम्य वाटली म्हणून नाही. पुढं तो महार रेजिमेंटमध्ये गेला आणि स्पर्धेचं पळणं तिथं शिकला. आपली भरतीची पोरं पळतात ती नोकरीसाठी. भरती झाली की त्यांतली निम्मी पळणं सोडतात, त्यांची पोटं सुटलेली मी बघतो. म्हणजे गावात पळणाऱ्यालाही काम असतं. आणि कौतुकानं 'मातीत घडलेले' असं जे छापून येतं ना, त्याचा मला राग येतो. एसटी नव्हती हे मातीचं कौतुक कसं झालं?

हौशी : राग बरोबर आहे. पण तुमचं म्हणणं ताणलं तर त्याचा अर्थ असा होतो की गरिबानं गरजेपोटी पळावं आणि ज्याची गरज भागली त्यानं घरी बसावं. आनंदासाठी धावणं हा बाहेरच्यांचा चोचला! गावातल्या चाळिशीच्या माणसाला मधुमेह आहे, बाईचे गुडघे धरलेत, शेतात जायला दुचाकी आहे, उसाला ठिबक आहे. कामानं जेवढं चालणं व्हायचं ते संपलंय. आता चालायचं किंवा धावायचं तर ते मुद्दाम ठरवूनच होणार. बिनकामाचंच होणार.

साशंक : हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं. ठीक. पण मग त्या चाळिशीच्या माणसाला नकाशा कशाला? त्याला वाट ठाऊक आहे. नकाशा लागतो तो परक्याला. आणि तो तू धावणाऱ्यांच्या ॲपवर आखणार. माझ्या पुतण्यानं मला तो स्ट्राव्हाचा नकाशा दाखवलाय, जिथं जास्त लोक पळतात तिथल्या रेषा उजळलेल्या दिसतात. 2018 च्या सुरुवातीला त्याच नकाशात ओसाड वाळवंटातले लष्करी तळ उघडे पडले होते, कारण जवान घड्याळ लावून कुंपणाच्या आतून पळत होते. आपल्या तालुक्यात त्यावर काय उजळतं? शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांचे रस्ते. फाट्यावरची आपली पोरं त्यावर दिसत नाहीत, कारण त्यांच्या मनगटाला ते घड्याळ नाही. रोज पळणारा अंधारात आणि महिन्यातून एकदा येणारा लखलखीत. आणि त्या नकाशावर पाहिजे त्या तुकड्याला पाहिजे ते नाव कुणीही देतं. आमच्या आजोबांनी ज्याला माळवाडीचा चढ म्हटलं त्याचं उद्या इंग्रजीत काय होईल, देव जाणे.

हौशी : म्हणूनच तर आपण आधी आखायचं. गावानं आखलं तर नावं गावाची राहतील.

साशंक : आणि जमीनही राहील? फलक लावलेली, मुरमाची, बाजूला पाणी असलेली, डोंगर दिसणारी वाट. ही ओळ मी प्लॉटच्या जाहिरातीत जशीच्या तशी वाचलीय. मुळशीत, मावळात काय झालं ते तू पुण्यात राहून माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस. आधी लोक फिरायला येतात, मग वडापावची गाडी, मग फार्महाऊस, मग तारेचं कुंपण. आणि ते कुंपण पडतं ते बरोबर जुन्या पायवाटेवर. म्हणजे ज्या वाटेच्या मोहानं माणूस येतो तीच वाट तो पहिली बंद करतो. तुझ्या फलकानं हे सगळं होईल असं नाही म्हणत. पण ज्याला जमीन विकायची आहे त्याला तुझा फलक उपयोगी पडेल, एवढं नक्की.

हौशी : वाटा कुंपणानं जेवढ्या बंद झाल्या त्याच्या कितीतरी पट नांगरानं झाल्यात, काका. दरसाल एक तास जास्त. बांध आठ फुटांचा सहा होतो, सहाचा दोन, आणि मग नुसती एक वरंबी उरते. पाणंदीचं तोंड तर आपल्याच भावकीनं दाबलंय. का दाबता आलं? कारण तिथून कुणी जातच नाही. सगळे डांबरीवरून दुचाकीनं वळसा घालून जातात. जी वाट वापरात नाही ती पहिल्यांदा मनातून जाते, मग नकाशावरून. धावणारा माणूस रोज तिथून गेला तर निदान साक्षीदार तरी राहतो. गावनकाशा बघा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक तुटक रेष म्हणजे पायमार्ग, 8¼ फुटांचा. हे रस्ते कुणाच्या बापाचे नाहीत. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या. माझ्या तीनपैकी दोन रस्ते बहुतांशी त्या रेषांवरूनच जातात.

साशंक : बहुतांशी. उरलेलं?

हौशी : उरलेलं बांधावरून. पाणंद जिथं संपते तिथून कॅनॉलला पोचायला साधारण चारशे मीटर. पण त्यालाही वहिवाट आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात.

साशंक : आता कायदा काढलास तर नीट काढ. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांचा अखंड वापर लागतो, आणि तोही हक्क म्हणून, मेहेरबानी म्हणून नव्हे. माझ्या बांधावरून लोक गेले ते मी जाऊ दिलं म्हणून. बांधावरून रस्ता मागायचा तर संहितेचं कलम 143. ते कुणाला मिळतं? ज्याची शेतजमीन आहे आणि तिथं पोचायला दुसऱ्याच्या हद्दीवरून जावं लागतं त्याला. अडवलेला रस्ता खुला करायचा तर 1906 चा मामलतदार कोर्ट कायदा, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि तोही शेतीच्या वापरासाठी. हे सगळे कायदे वाचले की दिसतं : वाट मिळते ती बैलाला, नांगराला, पिकाला. पळणाऱ्या माणसाबद्दल त्यात अवाक्षर नाही. मी जे सुरुवातीला म्हटलं तेच सरकारनंही लिहून ठेवलंय. कामाशिवाय वाट नाही. आणि तू तर, वाईट वाटून घेऊ नकोस, खातेदारही नाहीस. भावाच्या नावावर हक्कसोड लिहून दिलंस. तुझ्या लग्नानंतर मीच तलाठ्याकडं साक्षीला आलो होतो.

हौशी : वाईट वाटतंय, पण तुम्ही म्हणता त्यामुळे नाही. वाटतं ते असं की सही करताना मला कुणी सांगितलं नव्हतं की सातबाऱ्यावरून नाव गेलं की वाटेवरचं बोलणंही जातं. लेकींनी जमीन सोडायची, ती सोडली. माहेरी येऊन पहाटे तासभर शिवारातून धावायचं तेवढं माझं राहिलं असं मी धरून चालले होते. आणि हे फक्त माझं नाही. गावातल्या निम्म्या माणसांच्या नावावर जमीन नाही. बायकांच्या नावावर नाही, शेतमजुरांच्या नाही, उसतोडीला येणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. वाटेवरचा हक्क सातबाऱ्याला बांधला तर या सगळ्यांनी फक्त डांबरीवरून चालायचं? म्हणून म्हणते, जमिनीशी न बांधलेला एक हक्क असला पाहिजे. नुसतं जाण्याचा. इंग्लंडमध्ये तो आहे. तिथल्या खेड्याच्या बाहेर पडलं की शेताच्या मधून पायवाट जाते, तिची नोंद कायदेशीर नकाशात असते आणि तिच्यावरून कुणीही, कामाशिवाय, चालतं नि धावतं. शेतकऱ्यानं मधून जाणारी वाट नांगरली तर दोन आठवड्यांत ती पूर्ववत करून द्यावी लागते.

साशंक : तो हक्क त्यांना कुणी ताटात वाढला नाही. 1932 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे गिरणीकामगार किंडर स्काउटच्या डोंगरावर घुसले, पाच जण तुरुंगात गेले, त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं भांडण चाललं. पण ते कुणाच्या जमिनीवर घुसले? शिकारीसाठी राखलेल्या जमीनदारांच्या माळावर. वर्षातले काही दिवस पक्षी मारायला मिळावेत म्हणून हजारो एकर बंद. तिथं मीही घुसलो असतो. इथं कुणाच्या जमिनीत घुसणार? महाराष्ट्रात सरासरी खातं सव्वा-दीड हेक्टरचं. तुझी 8¼ फुटांची पायवाट शंभर मीटर गेली की अडीच गुंठे जातात. चारशे मीटरला दहा गुंठे, पाव एकर. ज्याच्याकडं दोन एकर आहे त्याला तू सांगणार, की पाव एकर दे, लोकांना पळायचंय? कुणाच्या विरुद्ध मागितला यावर हक्काची किंमत ठरते. तो हक्क जमीनदाराकडून ओढून घेतला होता. इथं तू तो माझ्यासारख्याकडून मागतेस.

हौशी : पाव एकर मागत नाही. आहे त्या बांधावरून एका माणसापुरती दीड फुटाची वाट मागते. आणि तीही हक्क म्हणून नाही तर विचारून.

साशंक : विचारून असेल तर मग ठराव कशाला, फलक कशाला? विचारून जाणाऱ्याला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. फलक लागला की येणारा मला विचारणार नाही. तो फलकाला विचारेल.

हौशी : हे उत्तर चांगलं आहे. पण यात एक अडचण आहे, की ज्याला तुम्ही ओळखता त्यालाच ते लागू पडतं. तुम्हाला विचारायला कोण येऊ शकतं? मी येऊ शकते, कारण मी कुणाची लेक हे तुम्हाला ठाऊक आहे. आता वस्तीवरची, कुणाच्या ओळखीची नसलेली पोरगी विचारेल का? ती विचारणारही नाही आणि जाणारही नाही. तुमच्या दिलदारपणाला आधी ओळख लागते. नियम रुक्ष असतो, पण तो अनोळखी माणसालाही लागू होतो. आणि विचारण्याचंच म्हणाल तर गावानं सगळ्या वाटा विचारूनच दिल्यात का? बावधनचं बगाड रंगपंचमीला सोनेश्वरापासून शेतांतून ओढत नेतात. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुढं सोलापूर जिल्ह्यात वेळापूरच्या उतारावर आख्ख्या दिंड्या धावत सुटतात. हजारो माणसं धावतात आणि त्यांतल्या एकालाही कुणी 'काय काम काढलंस' असं विचारत नाही. त्यांच्या मुक्कामाला लोक वावरं मोकळी करून देतात.

साशंक : त्यांना काम आहे. देवाचं काम.

हौशी : म्हणजे काम असण्याशी तुमचं भांडण नाही. कोणतं काम मानायचं, एवढ्यावरच आहे.

साशंक : एवढ्यावरच. पण ते एवढंसं नाही. बगाड वर्षातून एकदा येतं, कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ज्याच्या वावरातून जातं तोच ते ओढायलाही असतो. पालखीत माझा भाऊ चालतो. तुझ्या पळण्यात माझं कोण आहे? मी त्यात कुठं बसतो? नुसता बांधाचा मालक आणि फोटोत पाठीमागं दिसणारा शेतकरी. (इथं लिहिणाऱ्यानं तोंड घालू नये, पण हा शेवटचा टोला साशंकाच्या बाजूनं सगळ्यांत जड आहे असं मला वाटतं, आणि हौशी बाई त्यावर थेट उत्तर देत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.)

हौशी : पाणंदीचं बोलू. ती तुमच्याही उपयोगाची आहे. दोन्ही बाजूंना करंज, बोरी, मध्ये एक उंबर, घाणेरी वाढलीय ती काढावी लागेल. मे महिन्यातसुद्धा आत सावली असते. तिथून धावताना घड्याळात बघावंसंही वाटत नाही. ती मोकळी झाली तर तुमचा मळ्याचा तुकडा थेट गावाला जोडला जाईल. वळसा वाचेल.

साशंक : पाणंदीचं माझं गाऱ्हाणं तू ऐकून घे, मग मोकळी करायची म्हणजे काय ते ठरवू. त्या तुकड्यात माझा ऊस आहे. कारखान्याची तोड येते तेव्हा टोळीचा मुकादम पहिलं काय विचारतो? ट्रॅक्टर फडापर्यंत जातो का. जात नसेल तर मोळ्या डोक्यावर वाहून आणाव्या लागतात, त्याचे वेगळे पैसे. नाहीतर 'तुमचं शेवटी बघू'. शेवटी म्हणजे मार्च. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं. रस्ता नसल्यानं मी दरवर्षी तोटा सोसतोय. 2021 पासून शासनाची मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आहे, रोजगार हमीतून पैसा येतो. मला ती पाणंद त्यातून करून हवीय. म्हणजे जेसीबी येणार, दोन्ही बाजूंची झाडं जाणार, खडी पडणार, मुरूम पडणार, रोलर फिरणार. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळला पाहिजे. तुझी करंजं त्यात राहणार नाहीत. उंबर राहिला तर राहिला, त्याला हात लावायला माणसं भितात म्हणून. तुला वाट अरुंद, मऊ आणि सावलीची पाहिजे. मला रुंद, टणक आणि उघडी पाहिजे. दोघंही 'पाणंद मोकळी करा' म्हणतोय, पण ग्रामसभेत दोघांनी हात वर केला तर ठराव कुणाचा झाला?

हौशी : एका बाजूची झाडं ठेवता येतील. पश्चिमेकडची. ट्रॅक्टरला बारा फूट पुरतात. आणि खडीवर मुरूमच टाका, सिमेंट नको, एवढं तरी मागता येईल.

साशंक : एका बाजूची म्हणजे कुणाच्या बाजूची? ज्याच्या बांधावर झाडं राहतील त्याच्या पिकावर सावली पडणार. त्याची दोन सऱ्या ज्वारी पिवळी राहते. तो म्हणेल, पूर्वेची ठेवा. आणि मुरमाचं म्हणशील तर पावसाळ्यात या काळ्या रानात नुसता मुरूम दोन महिन्यांत खाली जातो. पहिल्या पावसानंतर त्या वाटेनं चालून बघ, प्रत्येक पायाला किलोभर माती चिकटते. तू म्हणतेस ती सुरेख वाट जूनपासून ऑक्टोबरपर्यंत नसतेच. तुझ्या नकाशावर ती बारा महिने दिसणार.

हौशी : नकाशात ऋतू लिहिता येतो. 'हा रस्ता दिवाळीनंतर.' ते मी लिहिणारच आहे.

साशंक : बिबट्या पण लिही. जुन्नर-शिरूरकडं उसात मादी विते. फड तोडायला लागले की पिल्लं सापडतात. आपल्याकडंही ठसे दिसतात. पहाटेच्या अंधारात वाकून बूट बांधणारा माणूस त्याला माणूस वाटत नाही. आणि घोणस, आणि वस्त्यांवरची कुत्री.

हौशी : कुत्र्यांचा उपाय मला माहितीय. थांबायचं, हाक मारायची, मालक ओ देतो, मग चालत जायचं. म्हणजे बघा, तिथं तुमचं विचारणं आपोआप होतं. बिबट्यासाठी उजाडल्यावर निघायचं. उजाडल्यावर निघण्याला माझी हरकत नाही.

साशंक : पहाटेचीच वेळ निघाली म्हणून बोलतो. तुझ्या आईच्या पिढीतल्या बायका त्या नदीच्या वाटेनं पहाटे कशाला जायच्या, ठाऊक आहे ना? गोदरी होती तिथं. उजाडायच्या आत जायचं, आणि कुणी गडी माणूस दिसला की उठून उभं राहायचं. कुणाही समजूतदार पुरुषानं त्या वेळी ती वाट धरली नाही. फलक नव्हता, ठराव नव्हता, तरी सगळ्या गावाला कळत होतं की ही वाट या वेळी आपली नाही. आता घरोघरी संडास झाले, ते चांगलंच झालं. पण वाटेला वेळ असते, आणि ती नकाशावर दिसत नाही, एवढं मला म्हणायचं होतं.

हौशी : तुम्ही ते मर्यादेचं उदाहरण म्हणून सांगताय. मला त्यात दुसरंच दिसतं. बायकांना त्या वाटेवर अंधाराचा एक तास मिळायचा, तोही अडचणीतून. उजेडात ती वाट पुरुषांची. आजही तेच आहे. फाट्यावर पळणारी पोरं बघा, मुलगे कुठंही पळतात, एकटे पळतात, बोळातून, कॅनॉलवरून. मुली फक्त डांबरी रस्त्याच्या त्या एका पट्ट्यात पळतात जिथं पथदिवे आहेत, चार-पाच जणी मिळून, आणि एकीचा बाप दुचाकी घेऊन उभा असतो. मी कॅनॉलवरून एकटी धावू शकते कारण मी चाळिशीकडं झुकलेली, मोटारीतून आलेली, तुमच्या ओळखीची बाई आहे. अठरा वर्षांच्या मुलीला ते जमत नाही. म्हणून मला वाटतं वाटेवर वर्दळ वाढली पाहिजे. दहा माणसं धावायला लागली तर अकरावी मुलगी येईल.

साशंक : कुठली दहा माणसं? परकी दहा माणसं आली तर तिचा बाप तिला त्या पट्ट्यातूनही घरी बोलावेल. आणि गावातली दहा माणसं पळणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. तू त्या मुलींना विचारलंस का, त्यांना यातला कुठला रस्ता पाहिजे?

हौशी : विचारलं. त्यांना यातला एकही नको. कॅनॉलवर मोबाइलला रेंज नाही, पाणंदीत साप, नदीकडं दारू पिणारे बसतात. त्यांना मैदान पाहिजे. 400 मीटरचं, आखलेलं, म्हणजे दोन फेऱ्यांत 800 चा वेळ कळतो. रस्त्यावर अंतर नक्की कळत नाही आणि भरतीत सेकंदावर गुण जातात. आणि जागा त्यांनीच सांगितली. गायरानातली, शाळेच्या मागची.

साशंक : गायरानात! तिथं धनगराची मेंढरं बसतात दिवाळीनंतर, आणि गावातल्या ज्यांना रान नाही त्यांच्या शेळ्या वर्षभर चरतात.

हौशी : म्हणजे तिथंही कुणाचं तरी काम आहे.

साशंक : आहेच. पण तिथं मोजून चार एकर सोडता येतील. त्या मुलींसाठी मी ग्रामसभेत उभा राहीन, शेळीवाल्यांशी बोलीन. तुझ्या रस्त्यांसाठी नाही राहणार.

हौशी : कारण त्यांना काम आहे आणि मला नाही.

साशंक : कारण त्यांनी मागितलंय आणि तुझ्या रस्त्यांसाठी तुझ्याशिवाय कुणी मागितलेलं नाही.

हौशी : मधुमेह झालेला माणूस मागायला येणार नाही, काका. ज्याला चालायची सवयच राहिली नाही त्याला वाट नसल्याचं कळतही नाही. मागणी आल्यावर वाट करायची म्हटलं तर तोवर पाणंदीवर तुमचा रोलर फिरलेला असेल आणि बांध एक वरंबीचा झालेला असेल. मैदानाच्या अर्जावर मी आज सही करते. पण पाणंदीच्या ठरावाला तुम्ही 'शेतरस्ता' लिहिणार, तिथं मी 'शेतरस्ता व पायमार्ग' लिहा म्हणून हट्ट धरणार, पश्चिमेच्या झाडांसकट.

साशंक : 'व पायमार्ग' लिहिलं की पलीकडचा भाऊबंद विचारेल, हा पायमार्ग कुणासाठी? तेव्हा ग्रामसभेत उत्तर तुला द्यावं लागेल, मला नाही. आणि 'पळण्यासाठी' असं सरळ सांगशील की 'गावकऱ्यांच्या सोयीसाठी' म्हणशील, ते मला आत्ताच कळू दे. त्यावरून मी माझा हात वर करायचा की नाही ते ठरवीन.